उतारावरची तेलपट्टी

मी तेलपट्टी बोलतेय. तुमच्यापैकी अनेकांनी मला कधी पाहिलंही नसेल. गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला एक पिवळी कडी दिसते. ती धरून ओढली की मी लांबलचक बाहेर येते. माझ्या टोकाशी दोन खुणा आहेत. तेल खालच्या खुणेखाली गेलं तर कमी, वरच्या खुणेवर चढलं तर जास्त. माझं शिक्षण एवढंच. पण एवढ्या शिक्षणावर मला एका घराचं भांडण सोडवायला बसवलं, आणि माझं डोकं जे गरगरायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

कारखान्यातून निघाल्यापासून मी एकाच गाडीत आहे. गाडी घड्याळजीकाकांची. ती नवी होती तेव्हा काकांचे केस काळे होते आणि काकूंचे गुडघे दुखत नव्हते. बरीच वर्षं आमची देखभाल एका म्हाताऱ्या मिस्त्रीने केली. तो मला ओढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा बुडवून बघायचा आणि काही न बोलता जायचा. फार सुखाचे दिवस होते ते. मग मिस्त्री काम सोडून लेकीकडे राहायला गेला. कोणतं तेल घालायचं ते तो कधी बोलला नव्हता आणि घरातही कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर घरातले तीन पुरुष माझे मालक झाले.

काकांनी सगळा जन्म मनगटी घड्याळांत तेलाचा थेंब सोडण्यात घालवला. त्यांचं म्हणणं, यंत्र जितकं जुनं तितकं तेल पातळ हवं. मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी हयातभर ट्रक चालवला. जुन्या इंजिनाला तेल घट्टच लागतं, पातळ तेल फटीफटींतून गळून जातं, असं ते ठासून सांगायचे. काकांचे चिरंजीव संगणकावर काम करतात. त्यांनी रात्रंदिवस व्हिडिओ बघून सगळ्यांत महागडं सिंथेटिक तेल आणलं. तिघंही मला हातात घेऊन एकमेकांना समजवायचे. मी बापडी काय सांगणार? तेल किती आहे ते मला कळतं. ते कोणतं असावं याची खूण माझ्या अंगावर कोणी कोरलेलीच नाही.

त्यात माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून काका गाडी घरासमोर लावायला लागले होते. तिथे सकाळी कोणीही मला ओढलं की माझं टोक जेमतेम ओलं. गाडी रस्त्याला लागली की मात्र मी गळ्यापर्यंत बुडालेली. घरी कोरडी, बाहेर चिंब. मला वाटलं, वय झालं, भ्रम होतोय.

मला कोरडी बघून काकांनी गुपचूप पातळ तेल ओतलं. दोन दिवसांनी मामांनी मला बघून मान हलवली आणि घट्ट तेल ओतलं. चिरंजीवांनी कामावर जाता जाता आपलं ओतलं. वाद नको म्हणून कोणी कोणाला सांगितलं नाही. गाडी निळसर धूर सोडायला लागली. धूर दिसला की प्रत्येकाला दुसऱ्याची अक्कल दिसायची, आणि पुन्हा थोडं तेल यायचं.

काकूंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. त्यांची धाकटी बहीण गावाबाहेर, आजारी माणसांना सांभाळतात तिथे असते. ती आता कोणालाच ओळखत नाही. काकू दर रविवारी तिच्याजवळ जाऊन बसतात, तिची वेणी घालतात. चिरंजीवांच्या उंच गाडीत त्यांना चढता येत नाही, टॅक्सीत बसलं तर उठता येत नाही. आमच्याच गाडीत त्या आपल्या आपण बसतात. चिरंजीवांनी जाहीर केलं होतं की आता एकदा जरी ही बंद पडली तर थेट भंगारात. मावशीला ते महिन्या-दोन महिन्यांनी घरी आणून भेटवतील, तसंही तिला कुठे कळतंय कोण आलं ते.

"तिला कळत नाही," काकू म्हणाल्या, "मला कळतं ना."

आणि त्याच रविवारी आम्ही अर्ध्या वाटेत बंद पडलो. काका, मामा आणि काकू गाडीत होते. फोन गेल्यावर चिरंजीवही आले, चेहऱ्यावर भंगारवाला घेऊनच. गाडी ढकलत जवळच्या गॅरेजात नेली. तिथल्या ताईंनी बॉनेट उघडलं, मला ओढलं आणि बघतच राहिल्या. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं.

"शेवटचं तेल कोणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"मी," तिघंही एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघायला लागले.

तिघंही शपथेवर सांगत होते की तेल कमीच दिसत होतं. ताईंनी थोडा विचार करून विचारलं, घरी गाडी उभी कुठे असते. घरासमोर, चढावर, तोंड वर करून. मग तेल सगळं मागे सरकणार, ताई म्हणाल्या, आणि ही पट्टी पुढे बसते, ती बिचारी कोरडीच राहणार. हिला काही विचारायचं असेल तर आधी गाडी सपाटीवर उभी करा आणि तेल खाली उतरेपर्यंत थांबा.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. भिंतीवरचं घड्याळ आधी सरळ टांगा, मग वेळ चुकते म्हणून या."

मला भ्रम झाला नव्हता तर. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

ताईंनी सगळं मिसळलेलं तेल काढून टाकलं, तेलाने माखलेले प्लग साफ केले. या इंजिनाला कंपनीने पहिल्यापासून साधं वीस-पन्नास नंबरचं तेल सांगितलंय, त्या म्हणाल्या. पहिला आकडा इंजिन गार असतानाच्या घट्टपणाचा, दुसरा तापल्यावरचा. जुनं झालं म्हणून ते बदलायचं कारण नाही. मामा म्हणाले, पन्नास म्हणजे घट्टच की. काका म्हणाले, गार असताना पातळच की. चिरंजीवांनी फोनवर व्हिडिओ शोधायला घेतला.

"हा धूर म्हातारपणाचा नव्हता," ताई काकूंना म्हणाल्या. "फाजील काळजीचा होता."

त्या दिवशी काकू बहिणीकडे उशिरा पोचल्या, पण पोचल्या.

आता गाडी कोपऱ्यावरच्या सपाट जागेत उभी असते. मला हात लावायचा हक्क फक्त काकूंचा. तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर एवढंच ऐका. ओतण्याआधी माझ्याकडे बघा, आणि माझ्याकडे बघण्याआधी घरात एकमेकांना विचारा. दोन्ही न केल्याने आमचं काय झालं ते सांगितलंच.

आज रविवार. काकूंनी मला ओढलं, पुसलं, पुन्हा बुडवलं आणि चष्म्याजवळ धरलं. मग खिडकीकडे तोंड करून विचारलं, "कोणी काही ओतलंय का?"

"नाही," आतून तिघांचे आवाज आले.

मी दोन खुणांच्या बरोबर मधे ओली होते. तिघंही खरं बोलत होते. काकूंनी मला जागेवर बसवलं, बॉनेट लावलं आणि वेणीसाठी आणलेला कंगवा पर्समध्ये आहे ना ते एकदा चाचपून बघितलं.