डिकीतलं वजन

दादाच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला अकरा वर्षं झाली. पत्र दीड पानाचं होतं आणि प्रश्न एकच होता.

दादाचं आयुष्य पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेलं. काम सोडल्यावर त्यानं घरच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीला हात घातला. पुढची चाकं इंजिनावर तशीच ठेवली, मागच्या दोन्ही चाकांत विजेच्या मोटारी बसवल्या आणि डिकीत बॅटरी. घरच्या प्लगवर चार्ज करायची, जवळपास विजेवर फिरायचं, लांब जायचं तर पेट्रोल आहेच. ‘पण डिकीत दीडशे किलो वजन वाढलंय,’ त्यानं लिहिलं होतं. ‘मागच्या स्प्रिंगा सोसतील का? तू वाचणारा माणूस. पुस्तकात बघून कळव, मग गाडी रस्त्यावर काढतो.’

मी ग्रंथालयात नोकरीला होतो. पान्हा कधी हातात धरला नाही, पण पुस्तकं शोधता येत होती. चार दिवसांत उत्तर मिळालं: सोसतील. फक्त मागच्या सीटवर एकाहून जास्त माणसं बसवू नयेत. एवढंच लिहायचं होतं. पण लिहायला बसलो की मनात पाल चुकचुकायची. आपला आकडा चुकला आणि उतारावर गाडी लवंडली तर? आणखी एक पुस्तक मागवलं, मग आणखी एक. पुढे इतका उशीर झाला की उत्तरापेक्षा उशिराची सबब लिहिणंच अवघड होऊन बसलं. लग्नकार्यात आम्ही भेटायचो. तो विचारायचा नाही, मीही विषय काढायचो नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. काचबिंदूनं दादाची नजर पूर्ण गेली होती, आणि गाडी भंगारात द्यायचं ठरलं होतं. मी गेलो.

“या भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “वाट चुकलात वाटतं.”

दादा मागच्या शेडमध्ये होता. गाडीची मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर अधांतरी उचललेली होती. वहिनींनी सांगितलं की दर महिन्याला तो ती चार्ज करतो, पुसतो आणि चाकं जागच्या जागी फिरवतो. “माझी एवढी निगा राखली असती तर मीसुद्धा विजेवर चालले असते.”

दादा हसला. चाचपत आत हात घालून त्यानं बटण दाबलं. चाकं फिरू लागली.

“आवाज येतोय?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मलाही नाही येत. छान जमलं होतं रे.” त्यानं बटण बंद केलं. “तुझं पत्र आलं नाही, तेव्हाच ओळखलं मी. लहानपणापासून तुला तोंडावर नाही म्हणता येत नाही. गप्प बसतोस. म्हटलं, हा गप्प आहे म्हणजे स्प्रिंगा सोसत नसणार. मग नाही काढली बाहेर.”

तो फडक्यानं हात पुसू लागला. मी चहा घेतला आणि घरी परतलो.

तीन दिवस विचार केला. खरं सांगावं तर त्याची अकरा वर्षं मी वाया घालवली हे त्याला कळणार. न सांगावं तर आपल्याच हातचं काम चुकलं होतं असं समजूनच तो जाणार. शेवटी लिहिलं.

‘ती. दादास, सा. न. तुझी गाडी चालली असती. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी भ्यायलो. वहिनी, हे त्यांना दोनदा वाचून दाखवा.’

या वेळी आकडे पुन्हा तपासले नाहीत. चालत जाऊन पाकीट टपालपेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून मध्येच अडकलंय का ते फटीत बोटं घालून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.