निळं बटण

त्याने काउंटरवरच्या नमुन्याच्या कीबोर्डाचं निळं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं, जरा जोरात, आणि दाराकडे पाहिलं. दारापाशी स्टुलावर बसलेल्या बाबांनी मान वर केली. आवाज तिथवर गेला होता.

"हा भिंतीपलीकडे ऐकू जातो बरं," दुकानदारबाई म्हणाल्या. "घरात माणसं असतील तर लाल बटणांचा घ्या, मऊ चालतो. खटक्याच्या, मेकॅनिकल कीबोर्डांत स्वस्तातले हे दोनच. किंमत सारखीच."

"मला आवाजाचाच हवाय."

"लोक उलटं मागतात," त्या हसल्या आणि खोकं आणायला आत गेल्या.

त्याला भिंतीपलीकडेच ऐकवायचं होतं. नोकरी सुटून दोन महिने झाले होते आणि बाबांच्या लेखी तो घरून काम करत होता. एकदा जेवताना त्यांनी सहज विचारलं, "आज तुझी खोली शांत होती, काम कमी होतं का?" झालं, त्या दिवसापासून पठ्ठ्या दार लोटून दिवसभर कीबोर्ड बडवू लागला. गाण्यांच्या ओळी, स्वतःचं नाव, नुसतीच अक्षरं. शेवटी कीबोर्डानेच मान टाकली. आता उरल्यासुरल्या पैशांना हात लावून तो नवा घ्यायला निघाला, तर बाबा "तेवढेच पाय मोकळे होतील" म्हणत चपला घालून आधीच दारात उभे.

"फार राबतो हो," बाबांनी तिथूनच आतल्या बाईंना ऐकवलं. "मान वर करायला फुरसत नसते."

त्याचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"बाबा, राहू द्या ना."

बाबा उठून काउंटरपाशी आले. त्यांनी लाल बटण दाबून पाहिलं. आवाज जवळजवळ आलाच नाही.

"हा घे."

"निळा जास्त टिकतो." थाप अगदी सहज निघाली. हल्ली त्याच्या थापांना विचार करावा लागत नसे.

"टिकत असेल. तू हा घे." बाबांनी आतल्या दाराकडे पाहून आवाज उतरवला. "परवा दुपारी वीज गेली होती ना? माझा पंखा बंद पडला. तुझा कॉम्प्युटरही बंद पडला असणार. टकटक मात्र वीज येईपर्यंत चालू होती."

त्याला आठवलं. स्क्रीन काळी झाली होती खरी. पण तो तिच्याकडे पाहतच कुठे होता?

"म्हटलं, पोराची बोटं दुखत असतील."

त्याला मान वर करवेना. निळं बटण बोटाखाली दाबलेलंच राहिलं होतं.

बाई खोकं घेऊन बाहेर आल्या. "निळाच ना मग?"

"लाल द्या," बाबा पुन्हा मोठ्याने म्हणाले. "कामाचा एवढा रगाडा, त्यात आवाजाने डोकं उठायचं त्याचं."

त्याने निळ्या बटणावरून बोट अगदी हळू उचललं. तरी टक् झालंच.