जाळीवरचे केस

कोरियातल्या जोंजू शहरात, दक्षिण बाजारामागच्या गल्लीत ओकबुनबाईंचं दुकान होतं. केस कापायचं नव्हे, टाळूची निगा राखायचं. तीन खुर्च्या, तीन बेसिनं आणि दिवसभर दरवळणारा काढ्याचा कडवट वास. बाई बासष्टीच्या. त्यांच्या बोटांना अख्ख्या बाजारात मान होता. भाजीवाल्या, शाळेतल्या बाया, देवळापलीकडच्या निवृत्त शिक्षिका, सगळ्या त्यांच्याच हाताखाली डोकं द्यायला यायच्या.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे बाई, त्यांचा मुलगा ग्युहान आणि सून युरिम राहायचे. जिना थेट दुकानात उतरायचा, त्यामुळे बाहेर पडायचं तर दुकानातूनच. सासरे वारले त्या आठवड्यात एक खुर्ची अडून राहू नये म्हणून युरिमने गळ्यात एप्रन अडकवला होता, तो सव्वा वर्ष उतरला नव्हता. खाली ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि येशील का म्हणून विचारलंही नव्हतं.

सप्टेंबरच्या मध्यावर तिचे केस गळू लागले. आधी उशीवर, मग जेवणाच्या वाटीत, मग बोटं फिरवली की बोटांना गुंडाळून हातात. एके सकाळी न्हाणीघराच्या जाळीवर उंदराएवढा पुंजका बसलेला पाहून ओकबुनबाई दारातच थबकल्या.

"हे कुणाचे?"

"माझेच, आई."

"आणि मला आज कळतंय? चल खाली."

त्या दिवसापासून रोज साडेआठला, दुकान उघडायच्या आधी, युरिम खुर्चीत आडवी व्हायची. बाई तिच्या डोळ्यांवर गरम पंचा ठेवायच्या, टाळूला औषध लावून जुनी मेलेली कातडी काढायच्या, वाफ द्यायच्या आणि मग अर्धा तास मालिश. कानामागून वर, कपाळापासून मागे, मानेच्या खळगीत अंगठे रोवून. मान बेसिनच्या खाचेत अडकलेली, डोळ्यांपुढे अंधार, आणि डोक्यावर ती मजबूत बोटं. हलायची सोय नाही. मालिश झाली की पाणी सोडायचं आणि बेसिनची जाळी तुंबायची. बाई ती उपसायच्या, तेव्हा होणारा चिकट आवाज युरिमला पंच्याखालूनही ओळखू यायचा.

"आई, चोळल्यावर जास्तच जातायत."

"जे जायचं तेच जातंय. मेलेली पानं झाडली तर झाड मरतं का?"

"एक-दोन दिवस थांबून पाहू या?"

"तीस वर्षं डोकी चोळतेय मी. आणि माझ्याच घरातल्या डोक्याला मी हात आखडता घेऊ?" बोटं आणखी जोरात फिरू लागली.

यात राग नव्हता, आणि तेच अवघड होतं. रागाला उलटून बोलता आलं असतं. बाई रोज सून उठायच्या आधी उठून काळे तीळ भाजायच्या, काळ्या सोयाबीनचं पाणी करून तिच्यासमोर ठेवायच्या. अशा बाईला तुमचे हात मला नकोत, हे सांगायचं कसं?

गिऱ्हाइकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. जोमी काकूंचं मासळीचं दुकान होतं आणि जीभ सुरीसारखी. आरशातून युरिमच्या भांगाकडे बघत त्या म्हणाल्या, "काय गं ओकबुन, सुनेचा भांग आहे की हमरस्ता? ट्रक जाईल की त्यातून!"

बाकीच्या दोघी हसल्या. जोमी काकू पुढे म्हणाल्या, "नाही, म्हणजे तुझ्याच घरात तुझी मालिश लागू पडत नसेल, तर आम्ही काय आशेवर डोकी देतोय? परवा माझेही चार जास्तच गेले हो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुनेपुढे कापडी टोपी ठेवली. "थंडी पडतेच आहे," त्या म्हणाल्या. आठवड्याने त्यांनी तिला मागच्या खोलीत पंचे धुवायला बसवलं. तिथे खिडकी नव्हती. दोन यंत्रं आणि पंच्यांच्या गठ्ठ्यांमध्ये एक स्टूल मावेल एवढी जागा. पडद्याआडून पुढचं सगळं ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही.

चुसोकच्या, सुगीच्या सणाला युरिम दोन दिवस माहेरी गेली. मावश्यांनी तांदळाच्या पिठाचे सोंगप्योन वळता वळता विचारायचं ते विचारलंच, "काय मग, गोड बातमी कधी?" ती हसून भात शिजला का बघायला उठली. पण त्या दोन दिवसांत तिने एक गोष्ट मनाशी टिपून ठेवली. डोकं धुतलं नाही, मालिश नाही, आणि केस गळाले ते मोजके वीस-बावीस. परत आल्यावर पहिल्याच सकाळी बेसिनमध्ये मूठभर. झालं, तिची खात्री पटली. सासूची बोटंच तिचे केस उपटून काढत होती. का कोण जाणे, पण त्या विचाराने तिला हलकं वाटलं. दोष कुणाचा हे कळलं की निदान दार कुठे आहे ते तरी कळतं.

पुरावा हवा म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला, साबणाची पावडर आणायला जाते सांगून, ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी केसांची एक चिमूट धरून हलकेच ओढली. सहा केस हातात आले. प्रत्येकाच्या टोकाला बारीक पांढरा मणी.

"सासूबाई रोज मालिश करतात. त्यानेच होतंय हे," युरिम म्हणाली. "माहेरी केली नाही तर गळाले नाहीत."

"माहेरी डोकं धुतलं होतं?"

"नाही."

"मग दोन दिवसांचे साठलेले तिसऱ्या दिवशी एकदम निघाले. मालिश फार तर आधीच सुटलेला केस खाली पाडते. मुळाशी घट्ट बसलेला केस बोटांनी निघत नाही, नखं लावून ओरबाडलं नाही तर. हा पांढरा मणी बघा. या केसाने मूळ कधीच सोडलंय." डॉक्टरांनी केस कागदावर ठेवले. "सुटायला सुरुवात होते ती दोन-तीन महिने आधी. जूनमध्ये काय झालं होतं? मोठा ताप? ऑपरेशन? काही धक्का?"

युरिमने मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद बाजूला सरकवला. "बरं. आपोआप थांबेल. सहा महिने धरून चाला. पोटभर जेवा, झोप घ्या."

जूनमध्ये तिला दिवस होते. दहावा आठवडा संपत आला आणि ते राहिलं नाही. दवाखान्यातून परतताना ग्युहान गाडी चालवत म्हणाला होता, "आईला आत्ता नको सांगू. बाबांना जाऊन वर्ष होतंय, अजून सावरली नाहीये ती. तिला वाटेल दुकानात उभं राहून झालं. जन्मभर स्वतःला खात बसेल." तिसऱ्या दिवशी युरिम खाली उतरली. पोट बिघडलं होतं, एवढंच सांगितलं. त्यातही खोटं काही नव्हतं.

आता मालिशीचा दोष गेला आणि तिच्या हातातलं एकमेव दारही गेलं. थांबा म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं नाही असं ठरलेलं. ग्युहान कागदाच्या कारखान्यातून आल्यावर तिने त्याला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

"आपोआप थांबेल म्हणाल्या ना? मग झालं तर," तो बूट काढत म्हणाला. "थोडे दिवस सोस. आई प्रेमानेच करते."

"प्रेमानेच करतात रे. म्हणून तर उठता येत नाही."

पुढचे दहा-बारा दिवस तिने सोसलं. मग एका सकाळी पंच्याखाली, मान खाचेत अडकलेली असताना, बाई जाळी उपसत पुटपुटल्या, "माझंच काहीतरी चुकतंय. हातच गेले बहुतेक माझे. वय झालं." युरिमच्या तोंडून शब्द निसटले.

"तुमचं काही नाही, आई. जूनमध्ये मला दिवस होते. गेलं ते. त्यानेच गळतायत. डॉक्टरांना दाखवून आले मी."

पाणी चालूच होतं. बोटं थांबली. पंच्यामुळे तिला सासूचा चेहरा दिसत नव्हता, आणि पंचा काढायचं धैर्य तिला होत नव्हतं.

"ग्युहानला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू तिसऱ्या दिवशी इथे उभी होतीस."

"हो."

बाईंनी पाणी बंद केलं, केस पुसले, नेहमीसारखी टोकं दाबून कोरडी केली आणि वर गेल्या. त्या दुपारी चुलीवर समुद्री शेवाळाचं सूप उकळत होतं, बाळंतिणीला देतात ते. "पाच महिने उशिरा आहे," वाडगा पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "पण खा." युरिम रडत रडत सगळं सूप प्यायली. सुटले, असं तिला वाटलं.

चौथ्या दिवशी ती मागच्या खोलीत पंचे घडी करत होती. पुढे जोमी काकू आल्या होत्या. त्यांनी पुन्हा सुनेच्या भांगाचा विषय काढला.

"मालिशीला नावं ठेवू नकोस हं, जोमी," ओकबुनबाईंचा आवाज आला. "पोरीचं पोटातलं गेलं उन्हाळ्यात. त्याने गळतायत. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. माझ्या हाताचा काही संबंध नाही."

"अगंबाई! बिचारी!"

"कुणाला बोलू नकोस."

यंत्र गरगरत होतं. युरिमच्या हातातला पंचा घडीच्या अर्ध्यावर तसाच राहिला. कुणाला बोलू नकोस म्हणजे संध्याकाळपर्यंत मासळी बाजार, उद्यापर्यंत भाजीची गल्ली. बाहेर जायचं तर त्या खुर्च्यांच्या मधूनच जायचं होतं. ती स्टुलावर बसून राहिली. जोमी काकू गेल्याची घंटी वाजली तेव्हा ती पडदा सारून पुढे आली.

"आई, ते माझं होतं."

बाई कंगवे पाण्यात घालत होत्या. "मग काय सांगायला हवं होतं? दोन गिऱ्हाइकं मालिशीला घाबरून यायची थांबली. मी खोटं बोलले का?"

"खरंच बोललात. पण ते दुकान वाचवायला नव्हतं सांगितलं मी."

बाईंनी मान वर केली नाही. कंगवे एकेक करून बुडवत त्या म्हणाल्या, "चुकलं असेल माझं." इतकंच. असेल.

हिवाळ्यासाठी किमचीचं लोणचं घालायच्या मोसमात युरिम टोपी न घालता पुढे उभी राहू लागली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाया आता तिच्याकडेच डोकं द्यायच्या. पंच्याखाली डोळे झाकले की हळूच सुरू व्हायच्या. माझंही दोनदा गेलं होतं गं. माझं तर सातव्या महिन्यात. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. युरिम चोळत राहायची, हं हं करत. हे सगळं तिने मागितलं नव्हतं, आणि हात त्यांच्या केसांत असताना कान बंद करता येत नव्हते. जोमी काकू तर पहिल्यांदाच मुकाट पडून राहिल्या आणि उठताना खेकड्यांची पिशवी ठेवून गेल्या.

स्वतःच्या डोक्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. जानेवारीत गळणं थांबलं. बाई आजही म्हणतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर पोसलं म्हणून थांबलं. युरिम वाद घालत नाही.

फेब्रुवारीत तिने ग्युहानला सांगितलं, "वसंतात मी दुसरीकडे राहायला जातेय. तू आलास तर बरं." चौथ्या दिवशी तो घर बघायला बरोबर आला. नदीपलीकडे एक खोली मिळाली. युरिम आठवड्यातून तीन दिवस दुकानात येते, उरलेले दिवस येत नाही.

एप्रिलमध्ये ओकबुनबाई पहिल्यांदा त्या खोलीवर आल्या, स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन. जमिनीवर बसल्या, हात फिरवून खालून तापवलेली जमीन नीट गरम आहे का पाहिलं. भांड्यांचं रॅक वाकडं बसवलंय म्हणाल्या. मग दोघी स्ट्रॉबेरी खात बसल्या.

"नाव ठेवलं होतं का?" बाईंनी एकदम विचारलं. "पोटातल्याला ठेवतात ना हल्ली, लाडाचं."

युरिमने हातातलं फळ खाली ठेवलं. "वाल म्हणायचो आम्ही. डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा वालाच्या दाण्याएवढं होतं."

"वाल," बाई म्हणाल्या. त्यांनी बोटं एप्रनला पुसावीत तशी स्वेटरला पुसली, आणि आणखी एकदा, स्वतःशीच, म्हणाल्या, "वाल."