दाबाखालचं पाणी

“दोन्ही नाही आई, एकच डोळा मिटा.”

“एक मिटला की दुसरा आपोआप मिटतो गं. म्हातारपणी डोळ्यांचंसुद्धा संगनमत होतं,” सूक्ष्मदर्शकावर वाकत सासू म्हणाली.

सून या प्रयोगशाळेत यंत्रं चालवायची. आधी ही नोकरी तिच्या नवऱ्याची. पोलादी नळकांड्यात पाणी दाबत असताना त्याचं झाकण उडालं आणि तो जागच्या जागी गेला. त्याच्या जागेवर ही रुजू झाली तेव्हा सासू एवढंच म्हणाली होती, “ज्यानं त्याला खाल्लं, त्याचीच चाकरी कर.” पुढे दोघींनी एकमेकींची दुखणीखुपणी काढली, पण त्या खोलीचा विषय घरात निघाला नाही. सासूला मात्र एक गोष्ट छळत राहिली. नदीवर गेला नाही, विहिरीत पडला नाही, आणि पाण्यानं मेला म्हणजे काय? झोपेतसुद्धा ती हे पुटपुटायची. आज सकाळी सून कामाला निघाली, तर सासू आधीच चपला घालून दारात उभी. “दाखव मला.”

ते नळकांडं केव्हाच भंगारात गेलं होतं. आता मोहरीहून बारीक थेंब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून दाबत, आणि हिऱ्यातूनच आरपार बघत. सुनेनं स्क्रू हळूच फिरवला. फिरवताना तिचे खांदे आखडले. नेहमीच आखडायचे. पाठीमागून येणाऱ्या एका आवाजाची तिचे कान वाट बघायचे. तो आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, तरी तिला पाठ होता.

“काहीच होत नाहीये.”

“होत नाही, होत नाही, आणि एकदम होतं. बघत राहा.”

सासू एकदम ओरडली. “अगं बाई! गोठलं!”

“हो.”

“गारठलं असेल ना?”

“नाही. खोलीत आहे तेवढीच ऊब त्यालाही. थंडीनं नाही, दाबानं गोठलंय. हा बर्फ तरंगतही नाही, तळाला जातो.”

“त्याला दिसलं असेल का गं हे? शेवटी?”

हो म्हणणं सोपं होतं.

“नाही. त्या नळकांड्याला खिडकीच नव्हती. आत गोठलं की बाहेर दाबाचा काटा हलायचा. ते काट्याकडे बघत होते.”

सासूनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाली, “सोड आता. किती दाबशील त्याला.”

सुनेनं स्क्रू सैल केला. बर्फाच्या धारदार कडा गोलावल्या, आक्रसल्या, नाहीशा झाल्या.

“झालं पाणी,” सासू म्हणाली आणि उठली.

नजर अधू असल्यानं ती भिंतीला हात लावत दाराकडे निघाली. मध्येच तिचा तळवा थबकला. रंगाखाली भिंतीला एक खोलगट खळगा होता, झाकणाएवढा. बोटांनी तिनं त्याच्या कडा चाचपल्या. मग पदराच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी, सावकाश.

सून दोघींच्या पिशव्या घेऊन दारात थांबून राहिली.