दुकानाच्या फोटोतला हार

अबोलीचं बारसं झालं ते साल दोन हजार आठ. बारशाच्या घुगऱ्या वाटून पंधरा दिवसही झाले नसतील, माझा मुलगा भागवत देवगाव फाट्याला जाऊन येतो म्हणून दुपारी निघाला तो आलाच नाही. त्या रात्री दुधना नदीला पूर आला. सकाळी त्याची मोटारसायकल पुलाच्या अलीकडे उभी सापडली. हँडलला भाजीची पिशवी तशीच लटकलेली होती, वांगी भिजून फुगली होती. गावची माणसं नदीकाठानं लांबवर जाऊन आली. भागवत सापडला नाही आणि त्याचं प्रेतही सापडलं नाही.

प्रेत मिळालं नाही तर काय करायचं याची रीत आहे. पुढच्या साली व्यंकटराव गुरुजींनी पळसाच्या पानांचं माणूस केलं. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वरून भागवतचा सदरा घातला आणि त्याला अग्नी दिला. मग दिवस घातले. भागवतचा फोटो मोठा करून आणून भिंतीला लावला, त्याला हार घातला. माझ्या सुनेचं, राजेश्रीचं, कुंकू मी पुसलं. बांगड्या शेजारच्या बायनाबाईनं फोडल्या. राजेश्री तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि अबोली तिच्या मांडीवर होती.

आज आमचं घर उभं आहे ते राजेश्रीमुळं. ती सेलूला एका शाळेत क्लार्क आहे, आणि शाळा सुटल्यावर व रविवारी आमचं दुकान चालवते. दुकान म्हणजे इंटरनेटवरचं. त्याला दार नाही, गल्ला नाही. लहान मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे असतात, एकात एक बसवले की घर होतं, गाडी होते, ते आम्ही विकतो. नवे डबे नाही, सुटे तुकडे. राजेश्रीच्या पुण्याच्या मामेभावानं एकदा त्याच्या मुलांनी खेळून टाकलेले ठोकळे पोतं भरून अबोलीला दिले. अबोलीनं मोबाइलवर शोधून काढलं, की एखाद्याच्या घरातल्या गाडीचं एक दार हरवलं तर तो त्या एका दारासाठी दहा ठिकाणी विचारत फिरतो. तिथून सुरुवात झाली. जुने ठोकळे आम्ही किलोवर घेतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुतो, गच्चीवर बाजेवर धोतर अंथरून वाळवतो, मग रंगानं आणि आकारानं वेगळे करून मिठाईच्या डब्यांत भरतो. धुणं आणि निवडणं माझ्याकडे. सुपात घोळलं की बारीक आणि मोठे आपोआप वेगळे होतात. डाळ निवडण्याहून सोपं काम आहे, फक्त यात आळी निघत नाही. माझे मालक, दिनकरराव, पार्सलं सायकलवर पोस्टात नेतात.

गेल्या दिवाळीत अबोली म्हणाली, "आजी, दुकानाच्या पानावर घरच्या सगळ्यांचा फोटो लागतो. माणसं दिसली की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो."

आम्ही डबे मांडून समोरच्या खोलीत उभे राहिलो. मी म्हणाले, "सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा. भागवतच्या फोटोखाली उभं राहू. तो बी घरचाच हाय."

फोटो निघाला. आम्ही चौघं खाली, भागवत हारासकट वर.

फाल्गुनातल्या एका शनिवारी दुपारी मी घमेल्यात हात घालून ठोकळे घासत होते. राजेश्री शाळेत होती. फोन वाजला. अबोलीनं तो माझ्या कानाला धरला.

"हॅलो, अबोली टॉईज ना? मी सिकंदराबादहून वैदेही बोलतेय. पार्सल मिळालं, पण चाकं चार मागवली होती, तीनच आलीत."

"चौथं धाडते बाई. माझ्याच हातानं राहिलं असंल. आता वय झालं, तीन असले तरी चार दिसतेत."

ती हसली. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या दुकानाच्या फोटोत मागे भिंतीवर एक फोटो आहे, तो कोणाचा?"

"माझ्या पोराचा. भागवतचा."

"त्याला हार का घातलाय?"

असा प्रश्न आपल्यात कोणी विचारत नाही. मला राग आला. "कशापायी घालतेत हार? गेला तो. लय वर्षं झाली."

"काकू," ती हळू म्हणाली, "तुम्ही बसलाय ना? आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं नाव भागवत आहे. त्यांच्या डाव्या भुवईत या फोटोतल्यासारखीच खूण आहे. आता केस पिकलेत, पण डोळे तेच आहेत. ते आत्ता खाली गेटवर बसलेत."

मी बसलेलीच होते. हात घमेल्यात होते ते मला काढता येईनात. अबोलीनं फोन माझ्या कानापासून काढला, काहीतरी दाबलं आणि पडद्यावर एक लिफ्ट दिसायला लागली. लिफ्ट खाली चालली होती. मग दार, मग ऊन, मग एक गेट. गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. निळा सदरा, सुटलेलं पोट, पांढरे केस. मेलेला माणूस फोटोत म्हातारा होत नाही. हा झाला होता.

"भागवत, तुमच्याशी कोणालातरी बोलायचंय," वैदेही म्हणाली.

त्यानं फोन हातात घेतला आणि तोंड जवळ आणलं. मी म्हणाले, "भागवत?"

त्यानं फोन थोडा लांब धरून बघितला. मग म्हणाला, "माय."

आणि लगेच म्हणाला, "माय, गाडी आली. गेट उघडायचंय."

फोन परत वैदेहीकडे गेला. आम्हाला एका गाडीचं चाक दिसलं, मग आभाळ, मग काहीच नाही.

"आजी, म्हणजे ते माझे..." अबोली एवढंच बोलली. तिनं तिच्या बापाला जाणतेपणी कधी पाहिलंच नव्हतं.

दिनकररावांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी घातली, सायकल काढली आणि त्या दिवशीची पार्सलं घेऊन पोस्टात गेले. तासाभरानं तीच पार्सलं घेऊन परत आले. पोस्टात कशाला आलो ते आठवलं नाही म्हणाले.

राजेश्री शाळेतून आली. ती पिशवी ठेवून रोजच्यासारखी चिकटपट्टी घेऊन बसली. मी सांगितलं.

"परत सांगा, आत्या."

मी परत सांगितलं.

"अबोलीनं बघितला?"

"बघितला."

"काय म्हणला?"

"गेट उघडायचंय म्हणला."

राजेश्री हसली. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं, शेजारून बायनाबाई डोकावून गेली. मग ती हसायची थांबली आणि डबे बांधायला लागली. त्या रात्री तिनं बांधलेल्या पार्सलांतलं एकही बरोबर निघालं नाही. नाशिकच्या माणसाला पांढऱ्या खिडक्या हव्या होत्या, त्याला तांबडी छपरं गेली. ते गिऱ्हाईक अजून नाराज आहे.

मी आणि दिनकरराव सिकंदराबादला गेलो. राजेश्री आली नाही. म्हणाली, "मी कशाला? पोरगा तुमचा हाय. घिऊन या."

परत येताना गाडीत तो आमच्या मधे बसला होता. त्याच्याकडे एक पिशवी होती आणि वैदेहीनं दिलेला डबा. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं.

"घरात भांडण झालं होतं का रे?"

"न्हाई."

"कुणाचं देणं होतं? दुसरी कुणी बाई होती?"

"काहीच नव्हतं, माय."

"मग?"

"गाडी बंद पडली पुलापाशी. एक ट्रकवाला थांबला. म्हणला, कुठं जायलायस? मी म्हणलं, तू कुठं जायलायस? तो म्हणला, हैदराबाद. बसलो."

"बसलो म्हणजे?"

"म्हणजे बसलो."

मी थांबले. कारण पुढं काहीतरी येईल असं मला वाटत होतं. पुढं काहीच नव्हतं. एवढ्यासाठी आम्ही नदीचा तळ धुंडाळला होता.

"आन परत यायचं सुचलं न्हाई?"

"दुसऱ्या साली सेलूचा एक कापसाच्या गाडीवरचा ड्रायव्हर भेटला. त्यानं मला वळखलं न्हाई. मी आपल्या घरचं इचारलं. तो म्हणला, त्यांचा पोरगा पुरात गेला, परवाच पळसाचं माणूस करून जाळलं. मग कसं यावं, माय? जाळल्यावर?"

दिनकररावांनी तोंड खिडकीकडं केलं ते परभणी येईपर्यंत वळवलं नाही.

अग्नी दिलेला माणूस असा उंबरठा ओलांडून आत येत नाही. म्हणून भागवतला पडवीत बाज टाकून दिली आणि व्यंकटराव गुरुजींना बोलावलं. गुरुजी आता काठी घेऊन चालतात. पडवीत भागवतला बघून ते तिथंच थांबले आणि त्यांनी काठीनं त्याच्या पायाला हलकेच टोचून बघितलं.

"ज्याला मी पोचवला तोच का हा?"

"तोच, गुरुजी," भागवत म्हणाला.

गुरुजींनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "शास्त्रात याची सोय आहे, कस्तुराबाई. असा माणूस परत आला तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. तूप-पाण्यानं न्हाऊ घालायचं. जन्माचे विधी, बारसं, सगळं बालकासारखं. आणि शेवटी लग्न. त्याच बायकोशी, पुन्हा."

माझ्या जिवात जीव आला. "मग करूनच टाकू. तिथी बघा." गुरुजी यायच्या आधीच मी कासाराकडून हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. त्या मी राजेश्रीपुढं ठेवल्या.

राजेश्रीच्या हातात पार्सलाचा डबा होता. तो तिनं खाली ठेवला.

"गुरुजी, लग्न लावायचं तर पोरीला इचारतेत ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोरगा पसंत हाय का, असं. पहिल्या वेळेस माझ्या बापाला इचारलं होतं. बाप आता न्हाई. मग मलाच इचारा."

गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. "अगं बाई, हा नुसता विधीचा भाग आहे."

"विधी म्हणूनच इचारा."

गुरुजींनी घसा साफ केला. "बरं. राजेश्री, तुझी संमती आहे का?"

"न्हाई."

ठोकळ्यावर ठोकळा नीट बसला की टक् असा एक आवाज येतो. तसा तो शब्द आला.

मी ओरडले, "अगं, नवरा हाय तुझा!"

"माझा नवरा गेला, आत्या. तुमीच माझं कुंकू पुसलं. हा तिकडं गेट उघडत होता तवा मी इथं विधवा होते. कुणाच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं नव्हतं. आपल्याच अबोलीच्या वाढदिवसाला ओवाळायला बायनाबाई लागायची. आता हा दारात आला म्हणून मी नवरी व्हायची?"

"मग काय याला घरात घ्यायचं न्हाई?"

"घ्या की. तुमचं लेकरू हाय. बारसं करा, मी घुगऱ्या शिजवते."

पडवीतून भागवत म्हणाला, "बरोबर हाय तिचं."

मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

गुरुजी बराच वेळ काठीशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, "बारशापर्यंत केलं तर बालक म्हणून घरात घेता येईल. आता बालकाचं लग्न लगेच करावं, असं काही कुठं सांगितलेलं नाही."

चैत्रात बारसं झालं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पाटावर बसवला. त्याची आत्या सरजाबाई राणीसावरगावहून आली, ऐंशीच्या पुढची. ती त्याच्या कानाशी वाकली आणि "भागवत, कुर्र" म्हणाली. आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी कुणाचा हात उठेना. सगळ्या बायका एकमेकींकडं बघत उभ्या. तेव्हा राजेश्री पुढं झाली आणि तिनं सरजाबाईच्या पाठीत असा एक धपाटा घातला की म्हातारी "मेले गं" म्हणून हसायला लागली. मग बाकीच्या हसल्या. घुगऱ्या चांगल्या शिजल्या होत्या.

हिरव्या बांगड्या मी कासाराला परत केल्या.

भागवत आता समोरच्या खोलीत झोपतो आणि ठोकळे धुतो. राजेश्री त्याला कामापुरतं सांगते, "पांढरे उन्हात ठिवू नका, पिवळे पडतेत." तो बरं म्हणतो. अबोली त्याला कशानंच हाक मारत नाही, जवळ जाऊन बोलते.

बारसं झाल्यावर मी स्टूल घेऊन भिंतीवरच्या फोटोचा हार काढायला गेले होते. जिवंत माणसाच्या फोटोला हार बरा नव्हे. राजेश्रीनं खालून माझा हात धरला.

"आत्या, राहू द्या. तो फोटो माझा हाय."

दुकानासाठी अबोलीनं नवा फोटो काढला. त्यात आम्ही पाचजण आहोत. कडेला भागवत उभा आहे, बाह्या ओल्या आहेत, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला तोच फोटो, तोच हार. गिऱ्हाइकं फोनवर चाकांचं आणि खिडक्यांचं बोलून झालं की कधी कधी विचारतात, मागचे ते या कडेच्या काकांचे भाऊ का? फोन भागवतच्या हातात असला तर तो माझ्याकडं देतो. आधी माझी जीभ अडखळायची. आता मी सरळ सांगते, जसं घडलं तसं.

भिंतीवरचा तो राजेश्रीचा नवरा, भागवत. अबोलीच्या बारशाच्या साली, दोन हजार आठच्या एकवीस सप्टेंबरला रात्री, तो दुधनेच्या पुरात वारला.