कुलूप लागलेल्या घराचं मत

आमच्या नववीच्या वर्गाला स्वतःचं संविधान आहे. अकरा कलमांचं. जूनमध्ये सुनीती मॅडमनी ते आमच्याकडूनच लिहून घेतलं. तिसरं कलम असं: ज्याला जी जागा मिळाली, ती वर्षभर त्याचीच. काही बदलायचं तर देशाच्या संसदेत घटनादुरुस्ती होते, तसंच बदलायचं.

डिसेंबरात साकेतनं दुरुस्ती आणली. तो आमच्या वर्ग-संसदेचा पंतप्रधान. त्याचे वडील तहसीलमध्ये आहेत, त्यामुळे कागद झकास बनवतो. विधेयक एवढंच, की महिनाभर जो गैरहजर, त्याची जागा गेली.

पहिल्या बाकावर खिडकीजवळची जागा संगीताची. संगीता माझ्याच तांड्यातली, माझी जिवाची मैत्रीण. दिवाळीनंतर घरच्यांसोबत ऊसतोडीला गेली, ती परीक्षेच्या आधी येणार. तिच्या चष्म्याचा नंबर मोठा, मागून फळा दिसत नाही. गेल्या वर्षी माझी चुलतबहीण अशीच परत आली, चार दिवस मागच्या बाकावर बसली आणि पाचव्या दिवशी तिनं शाळाच सोडली.

म्हणून मी विरोधात बोलले. जूनमध्ये मला हजेरीसुद्धा मोठ्यानं देता येत नव्हती.

"निकिता, रडून संसद चालत नसते," साकेत म्हणाला. "बहुमतानं चालते. संसद सर्वोच्च."

"सर्वोच्च संविधान. संसदेलेबी त्याच्या आतच राहा लागते."

"मंग आतच तं राहून राह्यलो. घ्या मतं."

आमची अध्यक्ष आभा. तिनं हात मोजले. वर्गात सत्तावीस जण. बाजूनं अठरा, विरोधात नऊ. साकेतनं फळ्यावर गणित मांडलं: सत्तावीसचे दोन तृतीयांश अठरा. बरोबर बसत होतं. आभा 'मंजूर' म्हणायला उभी राहिली.

आणि मला आमच्या तांड्याचे प्रमुख, बाबूसिंग नाईक आठवले. आमच्या तांड्याची पंचायत त्यांच्याच अंगणात बसते. मागच्या हिवाळ्यात पाण्याची टाकी कुठं बांधायची ते ठरत होतं. बसलेले सगळे एका मताचे. नाईक म्हणाले, "नऊ घरायले कुलूप हाये. ते येईपर्यंत थांबा."

"जे नाहीत त्यायले कायले मोजता?" कोणीतरी कुरकुरलं.

"माणसं गेली. घरं इथंच हायेत."

मी हात वर केला. "अध्यक्ष महोदया, सभासद किती?"

"सत्तावीस."

"ते हजर. हजेरीपटावर किती?"

"चाळीस. तेरा ऊसतोडीले गेले. काहून?"

"गैरहजर मोजायचे का नाही, ते पाहा लागन."

सुनीती मॅडम मागं वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन ठेवला आणि देशाच्या संविधानाचं पुस्तक आभाकडे दिलं. "तीनशे अडुसष्टावं कलम. मोठ्यानं वाच."

आभानं अडखळत वाचलं. मग मॅडमनी सोपं करून सांगितलं. अटी दोन आहेत. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश हवेत, आणि सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी निम्म्याहून जास्त हवेत. चाळीसच्या निम्म्याहून जास्त म्हणजे किमान एकवीस.

साकेत फळ्यावरच्या अठराकडे पाहत राहिला. "म्हणजे उसाच्या फडातून पाडलं त्यायनं आमाले," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी तोच हसला. अठरा त्यानं स्वतःच पुसले.

मॅडमना उत्तर पहिल्यापासून माहीत होतं. तरी त्या गप्प बसल्या, मला विचारू दिलं, याचे त्यांचे किती आभार मानू? नाईकांचेही. आणि ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांचेही. आमचा तांडा त्यांनी कधी पाहिला नसेल, पण नसलेल्या माणसाला मोजायचं त्यांनाही सुचलं.

संध्याकाळी संगीताला फोन लावला. "तुयी जागा वाचली. तुया मतानं."

"माह्या? मी तं दिवसभर मोळ्या बांधून राह्यली होती."

"तरी मोजलं तुले."

ती म्हणाली, "त्या खिडकीची कडी ढिली हाये. वारा आला का आपटते. कागदाची घडी लावून ठेवशील?"

सकाळी प्रार्थनेच्या आधीच जाऊन लावली.