बंद केलेली गोळी

नंदकिशोरला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती घरी एकटं बसायची.

मागच्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली. आता सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच त्याला चालताना दम लागायला लागला. टूडी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, पाहून डॉक्टर निरंजन म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे." त्यातलं 'फेल' एवढंच त्याने ऐकलं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याची ताकद कमी झाली आहे, म्हणून अंगात पाणी साठतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. नंदकिशोरने मान डोलावली, पण तो शब्द मनात घर करून राहिला.

आजारपणाच्या रजेत बायको पद्मा शाळेत शिकवायला गेली की पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याचे ठोके एवढेच उरत. सोफ्यावर बसून तो ते ऐकत राही. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की दरदरून घाम फुटे. म्हणून चाकणच्या कंपनीत, क्वालिटी विभागात, बसून करायच्या कामावर परत जायची परवानगी मिळाली तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं.

परवानगी हॉस्पिटलच्या हार्ट फेल्युअर क्लिनिकने दिली होती. तिथे एकटे डॉक्टर नव्हते. औषधं, वजन, सूज यांच्यावर लक्ष ठेवायला सिस्टर विजयश्री होत्या, जेवणातलं मीठ सांगायला आहारतज्ज्ञ होत्या, चालायला शिकवायला फिजिओथेरपिस्ट स्वरूपा होती. सगळे मिळून एका पेशंटबद्दल बोलत. विजयश्री सिस्टर दर आठवड्याला फोन करायच्या. "काका, सकाळचं वजन किती? रात्री उशा किती लागतात?" एवढं विचारून ठेवून द्यायच्या.

महिनाभर त्याने सगळं तंतोतंत पाळलं. मग एका सकाळी कंपनीची बस मोशीच्या पुढे अडकली. कंटेनर आडवा झाला होता. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी घेऊन तो घरून निघाला होता आणि आता पोट फुटायची वेळ आली. दात आवळून बसला. शेवटी राहवेना, तेव्हा ड्रायव्हरला दार उघडायला लावून उतरला आणि एका ट्रकच्या आडोशाला धावला. नेमकी पुढची वाहनं हलली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, मागच्या सीटवरची पोरं पत्रा बडवत ओरडायला लागली, "आवरा काका, शिफ्ट चुकेल आता!" बसमध्ये परत चढताना त्याची पँट थोडी ओली होती. ते किती जणांनी पाहिलं, हे त्याला कळलं नाही. कोणाकडे पाहायची हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कामाच्या दिवशी गोळी बंद केली.

रविवारी घेऊच की, अशी स्वतःची समजूत घातली. काही दिवस काही झालं नाही. मग बुटांच्या नाड्या सैल कराव्या लागल्या. वजनकाट्यावरचा आकडा चढत गेला, तशी छातीतली धास्तीही. सिस्टरांना खरं सांगितलं तर त्या म्हणतील, काम बंद करा. परत तो सोफा, परत ते ठोके. फोन आला की तो जुनंच वजन सांगायचा. आडवं झाल्यावर गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून तो खुर्चीत टेकून झोपू लागला. पद्माने विचारलं, तर म्हणाला, "ॲसिडिटी आहे गं."

त्याच सुमारास पद्माच्या भाचीची, ऋताची, देहूला नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. इमारत नवी, लिफ्ट अजून चालू झालेली नव्हती. पद्मा म्हणाली, "तुम्ही खालीच बसा, मी प्रसाद घेऊन येते." त्याला ते लागलं. खाली मंडपवाल्याची माणसं बसली होती, त्यांच्यात आपण आजाऱ्यासारखं बसायचं? पद्मा वर गेली आणि तिच्या मागोमाग तो चढायला लागला.

दुसऱ्या मजल्यावर श्वास संपला. लागला नाही, संपलाच. हवा आत ओढावी तर छातीत आधीच काहीतरी गच्च भरलेलं. खोकला आला, घशात गुळगुळ आवाज व्हायला लागला. तो सिमेंटच्या पायरीवर बसला. डोळ्यांपुढे सगळं पांढरं होत होतं. मी पाण्यात बुडतोय, असं त्याला स्पष्ट वाटलं.

वरून माणसं धावत आली. "पाणी पाजा!" कोणीतरी ओरडलं. "आडवं करा आधी!" दोन हात त्याच्या खांद्यांखाली आले आणि त्याला मागे रेलवू लागले. तो आडवा होऊ लागला तसा श्वास पूर्णच अडला. ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज फुटेना.

"हात लावू नका त्यांना!"

हा आवाज पद्माचा होता, हे त्याला क्षणभर ओळखू आलं नाही. ती मोबाइल कानाला लावून गर्दीतून आत घुसली. फोनवर विजयश्री सिस्टर होत्या. "बसवा! ताठ बसवा, पाय खाली सोडा. पाणी नको, कोणी काही पाजू नका. सिस्टर सांगताहेत." एक वयस्कर नातेवाईक म्हणाले, "अगं, घोटभर तरी..." पद्माने त्यांच्या हातातला पेला हिसकून खाली ठेवला. ऋताचा नवरा स्वानंद याने एकशे आठला फोन लावला होता.

ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागला, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. पद्मा मागच्या पायरीवर बसली होती आणि त्याची पाठ तिच्या छातीला टेकली होती. तिचं काळीज धडधडत होतं, ते त्याला पाठीतून जाणवत होतं. ती सारखी म्हणत होती, "बसून राहा. नुसतं बसून राहा."

ऑक्सिजन, इंजेक्शनं, आयसीयू. फुप्फुसांत साठलेलं पाणी उतरायला लागलं तसा श्वास मोकळा झाला. वॉर्डात हलवल्यावर विजयश्री सिस्टर आल्या, पडदा ओढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, गोळी कधीपासून बंद होती?"

रागावल्या असत्या तर तो खोटं बोलला असता. त्याने बस सांगितली, ट्रक सांगितला, पत्रा बडवणारी पोरं सांगितली. सांगताना कान तापले होते.

सिस्टर डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टर निरंजन कॉटच्या कडेला बसले. "ही गोळी सकाळीच घ्यायची असं नाही," ते म्हणाले. "तुम्ही साडेचारला घरी येता ना? आल्यावर घ्या. रात्री झोपेपर्यंत तिचं काम होऊन जातं. हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं."

नंदकिशोरला ती बस आठवली, तो ट्रक आठवला. इतकंच होतं?

"आणि काम?"

"ते आताच सांगत नाही. आधी चालून दाखवा, मग सगळे मिळून ठरवू."

पद्मा हे सगळं खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती. दोघं गेल्यावरही ती वळली नाही.

"पद्मा."

"त्या पोरांची लाज वाटली तुम्हाला," ती बाहेर बघत म्हणाली. "मला ॲसिडिटी म्हणून सांगताना नाही वाटली. तो पेला मी ओढला नसता तर?"  तिने पदराने तोंड पुसलं. तिच्याकडे जावं असं त्याला फार वाटत होतं, पण हाताला औषधाची नळी लावलेली होती.

संध्याकाळी स्वरूपा त्याला चालवायला आली. त्याने दोन्ही हातांनी कॉटची दांडी पकडली.

"परत तसं झालं तर?"

"होऊ शकतं," स्वरूपा म्हणाली. "झालं तर मी इथेच आहे. दम लागला की बोलायचं, लपवायचं नाही."

पद्मा त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याने तिच्या दंडाला धरलं आणि पाऊल टाकलं.  कॉरिडॉर त्याला फार लांबलचक दिसत होता.

"लागतोय दम," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"मग थांबू या," पद्मा म्हणाली, आणि तिघंही भिंतीशी थांबली.